विरहचित्र आणि भक्तिभाव : पहाडी चित्रशैलीतील नायिकेच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

पदव्युत्तर वर्गात ज्ञानदेवांच्या नावावरील विराण्या शिकविताना आपण सर्वच जण एक सोयीचे वाक्य वापरीत असतो. 'येथे विरहिणी म्हणजे जीव आणि प्रियकर म्हणजे परमात्मा' असे एकदा सांगितले, की विद्यार्थ्याची अडचण दूर होते आणि शिक्षकाचीही. मात्र या वाक्याने कवितेचे काय होते, याचा विचार सहसा केला जात नाही. विरहिणी ही जर केवळ खूण असेल, तर तिच्या अंगाचा दाह, तिची जागरणे, तिची शकुनांवरची श्रद्धा, चंदनाविषयीचा आणि चांदण्याविषयीचा तिचा वैताग या साऱ्या गोष्टी अनावश्यक ठरतात. अर्थ हाती आला की टरफल टाकून द्यावे, तशी कविता टाकून द्यावी लागते. उलट, ही विरहिणी म्हणजे केवळ लौकिक शृंगाराची नायिका, भक्ती हा तिच्यावर नंतर चढविलेला मुलामा, असे म्हणावे तर संतकवितेच्या परंपरेशी आणि ती गाणाऱ्यांच्या अनुभवाशी आपण प्रतारणा करतो.

हाच पेच भारतीय चित्रकलेच्या अभ्यासातही उभा राहिलेला आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत राजस्थानात आणि हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या पहाडी राज्यांत नायिकाभेद, रागमाला, गीतगोविंद, भागवताचा दशम स्कंध या विषयांवर विपुल चित्रनिर्मिती झाली. या चित्रांतील प्रतीक्षा करणारी, रुसलेली, काळोखातून निघालेली स्त्री ही भक्त आहे की प्रिया? या प्रश्नाला दिली गेलेली उत्तरे आणि स्वतः चित्रांनी दिलेले उत्तर यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखाचे क्षेत्र मुद्दामच मर्यादित ठेवले आहे. बसोहली येथील 'रसमंजरी'च्या दोन चित्रमाला, गुलेरच्या एका चित्रकार-कुटुंबाने दोन पिढ्यांत रंगविलेले 'गीतगोविंद' आणि कांगडा शैलीतील भागवतचित्रे एवढ्याच सामग्रीच्या आधारे हे विवेचन केले आहे. शेवटी मराठी विराणीकडे परत यावयाचे आहे.

२. दोन अभ्यासपरंपरा

आनंद कुमारस्वामी यांचा 'राजपूत पेंटिंग' हा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. राजपूत आणि पहाडी चित्रांना मुघल दरबारी चित्रांपासून वेगळे काढून त्यांची स्वतंत्र ओळख प्रस्थापित करणारा हा पहिला मोठा प्रयत्न होय. कुमारस्वामींच्या दृष्टीने या चित्रांचे मर्म धार्मिक होते. मानवी प्रेमाच्या भाषेत ईश्वरी प्रेम सांगण्याची वैष्णवांची रीत चित्रकारांनी रंगरेषांत उतरविली, आणि त्यामुळे राधेची व्याकुळता ही जीवाची व्याकुळता होय, अशी त्यांची भूमिका होती.

यानंतरच्या पिढीत डब्ल्यू. जी. आर्चर यांनी या चित्रांकडे निराळ्या नजरेने पाहिले. 'द लव्ह्ज ऑफ कृष्ण' (१९५७) यासारख्या ग्रंथांतून त्यांनी कृष्णकथेची धार्मिक पार्श्वभूमी मान्य केली. परंतु चित्रांतील सूचक वृक्ष, पक्षी, मेघ आणि वीज यांच्या काव्यमय, क्वचित मानसशास्त्रीय अर्थाकडे त्यांचे अधिक लक्ष होते. छोट्या पहाडी राज्यांतील बंदिस्त दरबारी जीवन आणि त्यातून उत्पन्न होणारी प्रेमाची स्वप्ने हे या चित्रांचे उगमस्थान, असे या मताचे सार सांगता येईल. मुंबईचे कार्ल खंडालावाला यांनी 'पहाडी मिनिएचर पेंटिंग' (१९५८) या ग्रंथात शैलींचा आणि कालनिश्चितीचा प्रश्न पुढे आणला. पुढे बी. एन. गोस्वामी यांनी १९६८ साली 'मार्ग' या नियतकालिकातील लेखात हरिद्वार आदी तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या बह्यांतील नोंदी वापरून चित्रकारांच्या वंशावळी उभ्या केल्या. शैलीचा आधार राज्य नसून कुटुंब होय, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे 'चित्राचा अर्थ काय' या प्रश्नाला 'हे चित्र कोणी, कोणत्या घराण्यात शिकून रंगविले' या प्रश्नाची जोड मिळाली.

यांपैकी पहिल्या दोन भूमिका परस्परविरोधी वाटल्या, तरी एका बाबतीत त्या सारख्याच आहेत. दोन्ही भूमिकांत शृंगार आणि भक्ती या दोन सुट्या वस्तू मानल्या जातात आणि एक दुसरीचे आवरण आहे असे गृहीत धरले जाते. एक म्हणते, आत भक्ती आहे. दुसरी म्हणते, आत शृंगार आहे. आवरण आणि आतला ऐवज हे रूपकच या चित्रांना लागू पडते काय, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

३. शास्त्राची पार्श्वभूमी

साहित्यशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. भरताने नाट्यशास्त्रात अवस्थाभेदाने आठ नायिका सांगितल्या : वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका. या आठांपैकी प्रियकर पूर्णपणे हाताशी आहे अशी नायिका एकच, ती म्हणजे स्वाधीनभर्तृका. उरलेल्या साती जणी या ना त्या प्रकारे अंतराच्या अलीकडे उभ्या आहेत : कोणी वाट पाहते, कोणी फसविली गेली आहे, कोणी स्वतःच त्याला दूर लोटून पश्चात्ताप करते, कोणी ते अंतर पायांनी तोडावयास निघाली आहे. म्हणजे अष्टनायिकांची ही मांडणी मुख्यतः विरहाचीच मांडणी आहे.

देवतेविषयीची रती ही रस की भाव, याविषयी मात्र आलंकारिकांचे धोरण कडक होते. मम्मटाने तिला भावाच्या कोटीत ठेवले. ती रसपदवीला पोहोचत नाही, असे काश्मीरच्या परंपरेचे सामान्य मत आहे. के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्शा'सारख्या ग्रंथांमुळे रससंख्येचा हा वाद मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. या संदर्भात एका गोष्टीकडे मराठी अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावयास हवे. भक्तीचा रसरूपाने पद्धतशीर विचार करणारा एक अगदी आरंभीचा ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या छायेत लिहिला गेला. हेमाद्रीच्या आश्रयास असलेल्या बोपदेवाने तेराव्या शतकात 'मुक्ताफल' या ग्रंथात भागवताच्या आधारे भक्ताचे प्रकार नऊ रसांच्या अनुरोधाने लावले. गोपी त्यात शृंगाराच्या उदाहरण ठरतात. भागवताच्या सप्तम स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतो की गोपी कामाने, कंस भयाने, शिशुपालादी राजे द्वेषाने त्याच्याप्रत पोहोचले. बोपदेवाच्या विचाराचे मूळ अशा वचनांत आहे. येथे काम हा भक्तीचे सोंग घेऊन आलेला नाही. तो काम म्हणूनच, केवळ आलंबन निराळे असल्यामुळे, मुक्तीचे साधन ठरतो.

सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी 'भक्तिरसामृतसिंधु' आणि 'उज्ज्वलनीलमणि' या ग्रंथांत हा विचार पूर्णत्वास नेला आणि नायिकाभेदाची सारी परिभाषा राधेच्या व गोपींच्या ठिकाणी लावून दाखविली. नारदाच्या भक्तिसूत्रांत तर अकरा आसक्ती सांगताना कांतासक्तीबरोबरच परमविरहासक्तीला स्वतंत्र स्थान दिलेले आहे, आणि ती यादीत सर्वांत शेवटी येते. संयोगाची आसक्ती शेवटी ठेवलेली नाही, हे अर्थपूर्ण आहे.

४. 'रसमंजरी'च्या दोन चित्रमाला

आता चित्रांकडे वळू. भानुदत्ताची 'रसमंजरी' हा नायक-नायिकाभेदाचा संस्कृत ग्रंथ. भानुदत्त मूळचा मिथिलेचा. ग्रंथातील एका श्लोकात निजाम नावाच्या राजाचा निर्देश आहे. हा राजा अहमदनगरच्या निजामशाहीतील असावा, असे काही अभ्यासकांचे मत असून ते मानल्यास या ग्रंथाचा महाराष्ट्राशीही संबंध पोहोचतो. भानुदत्ताची बुद्धी वर्गीकरणाची आहे. स्वीयेचे तेरा, परकीयेचे दोन आणि सामान्येचा एक असे सोळा प्रकार. प्रत्येकीच्या आठ अवस्था. त्यांचे पुन्हा उत्तम, मध्यम, अधम असे तीन वर्ग. या गणिताने नायिकांची संख्या तीनशे चौऱ्याऐंशी होते. काही उदाहरणश्लोकांत शिव-पार्वती, कृष्ण यांचे उल्लेख येतात, पण ग्रंथाचा नायक कृष्ण नव्हे. भानुदत्ताला हवा आहे तो कोणीही रसिक पुरुष. या बाबतीत केशवदासाची 'रसिकप्रिया' (१५९१) निराळी आहे. तेथे राधा-कृष्ण हेच नायिका-नायक असल्याचे कवीनेच ठरवून टाकले आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुमारे १६६० ते १६७० च्या दरम्यान, बसोहली येथे 'रसमंजरी'ची एक चित्रमाला तयार झाली. तिची पृष्ठे आज जम्मूच्या डोग्रा कला संग्रहालयासह अनेक संग्रहांत विखुरलेली आहेत. तापलेला पिवळा, गडद लाल, मातकट हिरवा असे सपाट रंग, कमळाच्या पाकळीसारखे मोठे डोळे, क्षितिजाची वर सरकलेली रेषा आणि दागिन्यांतील पाचूंच्या जागी चिकटविलेले भुंग्याच्या पंखांचे चमकते तुकडे ही या चित्रांची वैशिष्ट्ये होत. परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या चित्रमालेतील नायक निळ्या कांतीचा, पीतांबर नेसलेला, मुकुट ल्यालेला कृष्ण आहे. ग्रंथात जे नव्हते ते चित्रकाराने, किंवा त्याच्या आश्रयदात्याने, आणले.

याच बसोहलीत, राजा किरपाल पाल याच्यासाठी, देवीदास या नूरपूरच्या चित्रकाराने 'रसमंजरी'ची दुसरी चित्रमाला रंगविली. तिच्या पुष्पिकेत विक्रम संवत १७५२, म्हणजे इ. स. १६९४-९५, असा काळ नोंदलेला आहे. ग्रंथ तोच आणि दरबारही तोच. शैलीचे नातेही जवळचे आहे. परंतु येथे नायकाच्या जागी कृष्ण नाही. दरबारी पोशाखातील एक पुरुष आहे.

या दोन चित्रमाला शेजारी ठेवल्या, की आपल्या प्रश्नाला एक प्रकारची प्रयोगशाळाच मिळते. पहिला निष्कर्ष असा, की प्रत्येक विरहिणी आपोआप भक्त होत नाही. 'भारतीय चित्रकलेत शृंगार म्हणजे भक्तीच' हे सरसकट विधान देवीदासाच्या चित्रमालेने खोटे ठरते. बसोहलीच्या रसिकाला कृष्णाविना नायिकाभेद चालत होता. भक्ती ही या चित्रांची अपरिहार्य अवस्था नव्हती. ती एक निवड होती.

दुसरा निष्कर्ष अधिक सूक्ष्म आहे. नायक बदलला की नेमके काय बदलते? खंडितेचे उदाहरण घेऊ. नायक रात्रभर दुसरीकडे राहून पहाटे परततो. त्याच्या अंगावर त्या दुसरीच्या खुणा आहेत. नायिका त्या पाहते. नायक सामान्य पुरुष असेल तर प्रेक्षकाचा निर्णय झालेला असतो : तो अपराधी, ती दुखावलेली. परंतु तोच नायक कृष्ण असेल तर निर्णय इतका सोपा राहत नाही. जो सर्वांचा आहे तो एकीचाच असावा, हा तिचा हट्ट न्याय्य आहे काय? आणि तो सर्वांचा आहे म्हणून तिच्या रात्रभराच्या जागरणाचे मोल कमी होते काय? ईश्वर सर्वत्र आहे हे तत्त्वज्ञान आणि तो माझ्यापाशी नाही हा अनुभव यांतील ताण खंडितेच्या चित्रात मूर्त होतो. येथे मत्सर हा मत्सरच राहतो. त्याचे शुद्धीकरण होऊन त्याची भक्ती झालेली नाही. मत्सराच्याच तोंडून एक धर्मविषयक प्रश्न विचारला गेला आहे.

या चित्रांच्या वाचनपद्धतीचाही येथे विचार करावयास हवा. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. सुटी पृष्ठे कापडात गुंडाळून ठेवलेली असत आणि एकेक हातात घेऊन पाहिली जात. पहिल्या चित्रमालेत समोर टाकरी लिपीतील छोटी नोंद आणि मागे देवनागरीत भानुदत्ताचा श्लोक, अशी योजना आढळते. म्हणजे रसिक प्रथम चित्र पाहतो, कृष्णाला ओळखतो आणि नंतर पृष्ठ उलटून ज्यात कृष्ण नाही असा श्लोक वाचतो. श्लोकाचा अर्थ तो त्या ओळखीच्या उजेडात लावतो. चित्र येथे ग्रंथाचे भाष्य झाले आहे, आणि तेही मुळाशी वाद घालणारे भाष्य.

५. रिकामी जागा

विरह कवितेत सांगता येतो. चित्रात तो दाखवावा लागतो. जो नाही त्याला कसे दाखवावयाचे? पहाडी चित्रकारांनी यासाठी योजलेली साधने मोजकी आणि परिणामकारक आहेत.

वासकसज्जेच्या चित्रात बहुधा शेज हा रचनेचा केंद्रबिंदू असतो. नीट अंथरलेली, लोड-तक्के लावलेली, फुले पसरलेली आणि रिकामी. नायिका एका बाजूस, दारापाशी किंवा शेजेच्या कडेवर. डोळे चौकटीबाहेर लागलेले. चित्रातील सर्वांत उजळ, सर्वांत सजविलेली जागा ही कोणीही नसलेली जागा आहे. देवघरात आसन मांडून, दीप लावून देवाच्या आगमनाची वाट पाहणे या उपासनेच्या नित्यक्रमाशी या रचनेचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. चित्रकाराने हे साम्य कोठेही अधोरेखित केलेले नाही, आणि त्याला तशी गरजही नव्हती. सिद्धता आणि प्रतीक्षा या क्रिया दोन्हीकडे एकच आहेत.

अभिसारिकेच्या चित्रात गती आहे. काळोखी रात्र, कोसळणारा पाऊस, आकाशात सोनेरी रेघेने काढलेली वीज, पायांत घोटाळणारे साप, झाडांआडची पिशाच्चे. आणि या सर्वांमधून जाणारी एकटी स्त्री. पायातील नूपुर गळून पडला तरी तिचे लक्ष नाही. भय तिला दिसत नाही असे नाही, पण थांबावयास लावील एवढे ते तिला उरलेले नाही. केशवदासाने अभिसारिकेचे प्रेमाभिसारिका, गर्वाभिसारिका आणि कामाभिसारिका असे भेद केले आहेत. यावरून निघण्यामागचा हेतू महत्त्वाचा, ही जाणीव काव्यशास्त्रालाही होती असे दिसते. घर, कुळ, लौकिक यांची सीमा ओलांडणे हे अभिसाराचे मर्म आहे. भक्तिसंप्रदायांनी परकीयेचे रूप पुन्हा पुन्हा का घेतले, याचे उत्तर या चित्रांत प्रत्यक्ष दिसते. स्वकीयेच्या प्रेमाला समाजाचे संरक्षण असते. परकीयेच्या प्रेमाला प्रेमावाचून दुसरा आधार नसतो.

कांगडा शैलीतील सुमारे १७८० च्या भागवतचित्रांत याच्याही पुढचे पाऊल दिसते. दशम स्कंधातील रासपंचाध्यायीत कृष्ण अकस्मात अंतर्धान पावतो आणि गोपी वृक्षवेलींना विचारीत, त्याच्या लीलांचे अनुकरण करीत रानोमाळ हिंडतात. या प्रसंगाच्या चित्रात यमुनेचा काठ आहे, चांदणे आहे, झाडीतून वाट काढणाऱ्या गोपींचा मेळा आहे. मात्र कृष्ण नाही. कृष्णकथेतील चित्र, आणि त्यात कृष्ण नाही. प्रेक्षकही मग गोपींबरोबर त्याला शोधू लागतो. पाहणाऱ्याची नजर झाडाझाडांतून फिरू लागते, आणि तिला तो सापडत नाही. चित्राने प्रेक्षकाला विरहाची माहिती दिलेली नाही. विरहाची क्रिया करावयास लावली आहे. भागवतात पुढे कृष्ण गोपींना आपल्या अंतर्धानाचे कारण सांगतो : निर्धनाला मिळालेले धन हरवले की त्याच्या मनात दुसरे काही उरत नाही, तसे व्हावे म्हणून मी दिसेनासा होतो. विरह हा भक्तीतील खंड नव्हे, तर भक्तीला एकाग्र करणारी तिचीच रीत आहे, असा या वचनाचा आशय आहे. कृष्णाविना काढलेले कृष्णचित्र हे त्या आशयाचे दृश्यरूप होय.

६. 'गीतगोविंद' : व्याकुळ कोण?

'जीव म्हणजे राधा, परमात्मा म्हणजे कृष्ण' या समीकरणाची खरी परीक्षा 'गीतगोविंदा'त होते. बाराव्या शतकात बंगालच्या लक्ष्मणसेनाच्या काळात जयदेवाने रचलेल्या या बारा सर्गांच्या काव्यात विरह एकतर्फी नाही. दुसऱ्या सर्गात राधा झुरते. तिसऱ्यात कृष्ण पश्चात्तापाने झुरतो. चौथ्या सर्गात सखी राधेची दशा कृष्णाला सांगते. पाचव्यात कृष्णाची दशा राधेला सांगते. या पाचव्या सर्गाचे नावच 'साकांक्षपुंडरीकाक्ष' असे आहे. विष्णूचे भारदस्त नाव आणि त्याला लागलेले 'साकांक्ष' हे विशेषण यांच्या जोडणीत जयदेवाचे सारे धाडस आले. दहाव्या सर्गात तर कृष्ण राधेचा पाय आपल्या मस्तकी मागतो. शेवटच्या सर्गात राधा स्वाधीनभर्तृका होऊन आपला विस्कटलेला शृंगार पुन्हा मांडण्याची त्याला आज्ञा करते. अनंत, पूर्णकाम ईश्वर जीवासाठी तळमळतो, हे साध्या समीकरणात बसत नाही. वेदान्ताच्या भाषेत तर हे बोलणेच अवघड आहे.

गुलेरच्या पंडित सेऊ यांच्या कुटुंबात हे काव्य दोन वेळा रंगविले गेले. सेऊंचा थोरला मुलगा माणकू याची चित्रमाला संवत १७८७, म्हणजे १७३० सालची. माणकू आणि त्याचा धाकटा भाऊ नैनसुख यांच्या पुढील पिढीने सुमारे १७७५ ते १७८० च्या दरम्यान तेच काव्य पुन्हा घेतले.

माणकूच्या चित्रांत पार्श्वभूमी बहुधा एकाच सपाट रंगाची असते. दोन-तीन झाडे, नदीची एक पट्टी, आणि व्यक्ती. राधा एका झाडाखाली, कृष्ण दुसऱ्या झाडाखाली, आणि मध्ये मोकळा रंग. हा मोकळा रंग हेच अंतर. ते ओलांडून जाणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे सखी. भारतीय चित्रपरंपरेत एकाच चौकटीत एकच व्यक्ती दोनदा दाखविण्याची रीत आहे. तिचा उपयोग करून सखी इकडे राधेपाशी आणि तिकडे कृष्णापाशीही दाखविता येते. दोन्ही झाडांखालच्या आकृतींची बसण्याची ढब, खाली झुकलेली मान आणि हाताचा आधार यांत चित्रकार साम्य राखतो, तेव्हा देव कोण आणि भक्त कोण, हे केवळ निळ्या रंगावरून ओळखावे लागते. विरहात दोघे सारखे झाले आहेत. काव्यशास्त्राला जे तर्काने सांगणे जड गेले, ते चित्रकाराने दोन आकृतींच्या तोलाने सहज सांगितले.

पुढील पिढीच्या चित्रांत सपाट रंग जाऊन कांगडा खोऱ्याची हिरवाई येते. वृक्ष, फुललेल्या वेली, दूरचे डोंगर, नदीचे वळण यांनी चौकट भरून जाते. आता अंतर मोकळ्या रंगाने नव्हे, तर बहरलेल्या निसर्गाने भरलेले आहे. वसंताचा बहर हा विरहाचा उद्दीपनविभाव आहे. सारी सृष्टी जोडीने फुलली असता एकटे असणे अधिक जाचते. दोन पिढ्यांतील हा फरक शैलीचा आहे, तसाच तो विरहाच्या आकलनाचाही आहे. माणकूच्या चित्रात विरह म्हणजे पोकळी. त्याच्या वारसांच्या चित्रात विरह म्हणजे भरलेल्या जगात एकाचे नसणे.

सखीविषयी आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. पहाडी चित्रांत ती बहुधा बोलताना दिसते : एक हात पुढे, बोटे उघडलेली. तिच्या हाताच्या दिशेने प्रेक्षकाची नजर जाते. तिला दोघांचीही दशा ठाऊक आहे आणि दोघांपैकी कोणाच्याही जागी तिला जावयाचे नाही. गौडीय वैष्णवांनी उपासकाने राधेची नव्हे, तर तिच्या सखीची किंवा मंजरीची भूमिका घ्यावी असे सांगितले, त्यामागे हाच विवेक आहे. पहाडी चित्रकारांचा या संप्रदायाशी प्रत्यक्ष संबंध होता असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु प्रेक्षकाला चित्रात उभे राहण्यासाठी चित्रकाराने जी जागा दिली आहे, ती सखीचीच आहे. विरह पाहणारा आणि तो सांगणारा, हीच रसिकाची भूमिका आणि हीच भक्ताचीही.

७. मराठी विराणीकडे

या विवेचनाचा मराठी साहित्याच्या अभ्यासाला उपयोग कोणता? तीन गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

पहिली अशी, की रूपक आणि विराणी यांत भेद करावयास हवा. एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवरा'त (१५७१) जीव-शिवाच्या मीलनाचा अर्थ स्वतःच उलगडून दाखविला आहे. तेथे कवीनेच रूपक बांधले आहे आणि नायिका स्वकीया आहे. विराणीत असा उलगडा नसतो. तेथे केवळ अवस्था असते. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लावू नये. तुकारामांच्या गाथेत 'विराण्या' म्हणून येणाऱ्या अभंगांतील नायिका तर परकीया आहे. घरचा भ्रतार सोडून परपुरुषाशी रत झाल्याचे ती उघडपणे, काहीशा उद्दामपणे सांगते. या उद्दामपणाला 'जीवाची ओढ' असे सौम्य नाव देऊन आपण अभंगांतील सामाजिक धग विझवून टाकतो. अभिसारिकेचे चित्र डोळ्यांपुढे असेल, तर लौकिकाची भीड सोडणे हाच त्या अभंगांचा भक्तिविषयक आशय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, विराणीतील तपशील टाकाऊ मानू नयेत. शेज, फुले, चांदणे, पक्षी, अंगाची काहिली हे सारे विरहाची रचना घडविणारे घटक आहेत. वासकसज्जेच्या चित्रात शेज काढून टाकली तर उरते ती केवळ उभी असलेली एक स्त्री. विराणीचेही तसेच आहे. विरहाचा अनुभव ज्या वस्तूंमधून घडतो त्या वस्तूंखेरीज त्याचा 'आध्यात्मिक अर्थ' असा निराळा उरत नाही.

तिसरी गोष्ट भेदाची आहे आणि ती विसरून चालणार नाही. मराठी संतकवितेत प्रियकर-प्रिया हे नाते प्रमुख नाही. विठ्ठल बहुधा माउली आहे. ओढ आहे ती लेकराची, पाडसाची, माहेराची आस लागलेल्या सासुरवाशिणीची. वारकरी संप्रदायाचा देव रखुमाईसह नांदणारा गृहस्थ आहे. राधेला त्यात गौळणींपुरते स्थान आहे. जनाबाईच्या अभंगांत तर देव दळू-कांडू लागतो. तेथे प्रतीक्षेपेक्षा सहवास मोठा आहे. म्हणून पहाडी चित्रांवरून निघणारे निष्कर्ष सबंध मराठी भक्तिकवितेला लावणे अयोग्य होईल. ते विराणी आणि काही गौळणी यांच्यापुरतेच ठेवावेत.

असे असूनही एका ठिकाणी दोन्ही परंपरा एकमेकींना भेटतात. 'साकांक्षपुंडरीकाक्ष' या नावात ईश्वराची जी अपेक्षा आहे, ती पंढरपूरच्या मूर्तीतही आहे. पुंडलिकाने विट टाकली, थांबावयास सांगितले, आणि देव थांबला. तो अद्याप उभाच आहे. कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगे वाट पाहणारा देव हा, कोणी म्हटले नसले तरी, प्रतीक्षेचेच रूप आहे. माणकूने दोन झाडांखाली दोन सारख्या आकृती बसविल्या. महाराष्ट्राने वाट पाहणे देवाकडे सोपविले आणि चालत जाणे भक्ताकडे घेतले.

८. समारोप

भारतीय चित्रांतील विरहिणी ही भक्त आहे की प्रिया, हा प्रश्न असा विचारणेच चुकीचे आहे, असे या विवेचनावरून म्हणता येईल. देवीदासाच्या 'रसमंजरी'ने दाखविले, की ती केवळ प्रिया असू शकते. त्याच दरबारातील आधीच्या चित्रमालेने दाखविले, की नायक बदलताच तिच्या त्याच अवस्थेला निराळे प्रश्न फुटतात. तिची अवस्था मात्र बदलावी लागत नाही. प्रतीक्षा, आठवण, रुसवा, निघणे, शोधणे या क्रिया प्रेमात आणि भक्तीत दोन नाहीत. आलंबन कोण, एवढ्यावर त्यांची व्याप्ती ठरते. म्हणून शृंगार हे भक्तीचे आवरण नव्हे, आणि भक्ती ही शृंगाराची सबबही नव्हे.

वर्गात विराणी शिकविताना 'ही जीवाची ओढ' असे सांगण्यापूर्वी तिची शेज, तिची रात्र आणि तिचा रिकामा दरवाजा विद्यार्थ्याला नीट दिसू द्यावा. तो दिसला, तर ते वाक्य उच्चारण्याची गरज बहुधा पडणार नाही.